टॅपेटची फट घरी तपासताना
(आमच्याकडून फिलर गेज घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

टॅपेटचा आवाज येऊ लागला म्हणून गाडी दाखवायला येणारे ग्राहक पुष्कळ असतात. आवाज बंद झाला म्हणून येणारा मात्र विरळाच. वास्तविक काळजीचे कारण या दुसऱ्या प्रकारात अधिक असते. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो बंद होऊन सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, पूर्ण टेकलेला असतानाच सिलिंडर हेडमध्ये उतरते. वापराने व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, त्याचा दांडा रॉकरकडे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या तरफेकडे, सरकतो आणि त्या दोहोंमधील फट (टॅपेटची फट) कमी होते. ती अजिबात उरली नाही, तर व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, कॉम्प्रेशन गळते आणि विशेषतः एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. फट वाढल्यानेही झीज होते, पण ती निदान ऐकू तरी येते.

हे पत्रक फट जुळवण्यासाठी स्क्रू आणि लॉकनट असलेल्या चार-स्ट्रोक, एक सिलिंडरच्या इंजिनांपुरते आहे. शिम (फट ठरवणारी ठराविक जाडीची चकती) असलेल्या इंजिनात फट घरी मोजता येते, परंतु शिम बदलण्यासाठी बहुधा कॅमशाफ्ट काढावा लागत असल्याने, सवय नसल्यास ते काम घरी करू नये.

माप आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. लहान इंजिनांत ते बहुधा 0.05 ते 0.10 मिलिमीटरच्या आसपास असते आणि अधिक तापणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी अनेकदा थोडे जास्त दिलेले असते. मात्र शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. हे माप थंड इंजिनाचे असते, म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काम करणे उत्तम.

स्पार्क प्लगभोवतीची धूळ पुसून प्लग काढावा, म्हणजे क्रँक हाताने सहज फिरतो. टॅपेटची झाकणे उघडून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँक इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने फिरवावा आणि फ्लायव्हीलवरील ‘टी’ खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) केसिंगवरील खुणेशी जुळवावी. सर्वाधिक चुका येथेच होतात. चार स्ट्रोकच्या एका चक्रात, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत, ही खूण दोनदा समोर येते आणि त्यांपैकी एका वेळी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. त्या स्थितीत घेतलेले माप निरुपयोगी होय. दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलत असतील तरच पुढे जावे, अन्यथा क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा.

फिलर गेजची दिलेल्या मापाची पाती रॉकरवरील स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये सरळ सरकवावी. ती हलक्या अडखळीने सरकली आणि पुढच्या जाडीची पाती शिरली नाही, तर फट योग्य आहे. पाती जोराने खुपसू नये. बदल करायचा असल्यास लॉकनट सैल करून स्क्रू फिरवावा, तो तसाच धरून ठेवून नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळावा आणि लगेच पुन्हा मोजावे, कारण आवळताना स्क्रू जरासा सरकतोच. यानंतर क्रँक दोन फेरे फिरवून, खूण जुळवून आणखी एकदा तपासावे. आम्हीही ही तपासणी कधी टाळत नाही.

झाकणांचे ओ-रिंग कडक झाले असल्यास बदलावेत, नाहीतर तेथून ऑइल झिरपते. गाडी सुरू केल्यावर हलकी टिकटिक ऐकू आली, तरी ती घालवण्यासाठी फट दिलेल्या मापाहून कमी करू नये.