तुकडी वेगळी, स्तरगट वेगळा

वाचनात मागे राहिलेल्या मुलांचे स्तरानुसार गट करा म्हटलं, की शिक्षकांच्या बैठकीत हमखास कोणीतरी म्हणतं, ‘म्हणजे पुन्हा हुशार आणि ढ तुकड्याच ना?’ पालक तर त्याआधीच बिथरतात. उलट काही शाळा गुणांवरून पाडलेली जुनी ‘क’ तुकडी तशीच चालवतात आणि अहवालात तिला ‘स्तरनिहाय अध्यापन’ म्हणतात. दोन्हीकडे घोळ एकच आहे: तुकडी आणि स्तरगट एकच समजले जातात. ज्यांना घरी शिकवायला कोणी नाही, शिकवणी परवडत नाही, ती मुलं त्याची किंमत मोजतात. मुलांना कितपत वाचता येतं, गणित येतं हे घरोघर जाऊन तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीनुसार देशातल्या सरकारी शाळांत पाचवीतल्या फक्त ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. राहिलेल्या मुलांसमोर रोज पाचवीचं पुस्तक उघडलं जातं.

तुकडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वार्षिक परीक्षेच्या एकूण गुणांवर जूनमध्ये वाटणी होते आणि सगळे विषय वर्षभर त्याच खोलीत, त्याच पुस्तकातून शिकवले जातात. तिच्याबद्दल एवढं पुरे.

स्तरगटाची पद्धत ‘प्रथम’ या संस्थेच्या कामातून घडत गेली. ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झाली. प्रामुख्याने तिसरी ते पाचवीच्या मुलांना दिवसातला ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवून एकत्र बसवायचं आणि वाचनाची आजची पातळी पाहून त्यांचे गट करायचे, अशी ही पद्धत. बाकीचा दिवस प्रत्येक मूल आपल्या वर्गात, आपल्या वयाच्या मुलांबरोबर असतं. साहित्य, खेळ, तक्ते हे फरक किरकोळ आहेत. त्यांवर नको इतकी चर्चा होते.

खरा घोटाळा होतो तो गट कशाचा करायचा यावर. समजा, पाचवीत एक मुलगी आहे. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, त्यामुळे दिवाळीनंतरची शाळा बहुतेक बुडालेली. तिला एकटीला जवळ बसवून चार ओळींचा सोपा परिच्छेद दिला. पहिल्याच ओळीत ‘जत्रेत’ आलं आणि ती ‘ज… त…’ करत थांबली. मग सुटे शब्द दिले. पाचांपैकी चार तिने नीट वाचले. म्हणजे वाचनात ती आज शब्दांपाशी आहे. पाच मिनिटांत हे कळलं. नंतर हातच्याची वजाबाकी दिली, ती तिने पटकन केली. किराणा आणून सुटे पैसे मोजून घेण्याचं काम घरी तिच्याकडेच असतं. आता वाचनाच्या तासाला ती तिसरी-चौथीच्या काही मुलांबरोबर शब्दांच्या गटात बसेल आणि गणिताच्या तासाला वरच्या गटात. तुकडीने तिचे सगळे गुण एकत्र करून तिला ‘क’मध्ये टाकलं असतं आणि तिचं गणितही तिथेच अडकलं असतं.

तुकडी मुलीविषयी निकाल देते. स्तरगटावरून शिक्षकाला उद्याच्या तासाला काय घ्यायचं ते ठरवता येतं: शब्दांच्या गटात बाराखडीचा तक्ता, त्यातून शब्द, शब्दांतून छोटी वाक्यं, रोज एक गोष्ट मोठ्याने वाचणं आणि तिच्यावर गप्पा. ती मुलगी परिच्छेद वाचू लागली, की शब्दांच्या गटात तिचं काम उरत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं आणि पुढे सरकवायचं. जूनमध्ये केलेले गट मार्चमध्ये तसेच असतील, तर ती तुकडीच आहे, मग फलकावर नाव ‘सूर्य’ लिहा नाहीतर ‘कमळ’.

यावर केनियाचं उदाहरण हटकून पुढे येतं आणि ते टाळू नये. पश्चिम केनियातल्या १२१ शाळांत पहिलीचे दोन-दोन वर्ग पाडले होते. जवळपास निम्म्या शाळांत आरंभीच्या गुणांवरून आणि बाकीच्यांत चिठ्ठ्या टाकून. गुणांवरून पाडलेल्या वर्गांत वरची आणि खालची, दोन्ही मुलं जास्त शिकली. मग तुकडीच बरी, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण अभ्यासकांनी दिलेलं एक मुख्य कारण असं, की समोरची मुलं साधारण एका पातळीची असल्यामुळे शिक्षकांना धडा त्यांच्यापर्यंत उतरवता आला. आपल्या ‘क’ तुकडीत तेच पुस्तक, तेच पान, फक्त सावकाश शिकवलं जातं. उतरवणं होतच नाही.

उलट बाजूचा धडा भारतातलाच आहे. बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना स्तरगटाच्या पद्धतीचं साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, पण शाळेचा दिवस होता तसाच राहिला. नुसत्या तेवढ्याने फारसं काही हाती लागलं नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये त्यासाठी रोज वेगळा तास राखला, मुलं इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवली आणि सरकारी शिक्षकांनीच शिकवलं. हिंदीचं वाचन सुधारलं. गणितात मात्र तसा फरक दिसला नाही. तेही सांगितलंच पाहिजे, कारण ‘गट केले की सगळं जमतं’ हा दावाही मला तितकाच खटकतो.

‘अप्रगत’ मुलांच्या नावांची यादी वर्गाच्या भिंतीवर लावणं मला मुळीच मान्य नाही. पातळी शिक्षकाच्या वहीत असावी. आणि अक्षरांपाशी अडलेल्या मुलांचा गट शाळेतल्या सर्वांत अनुभवी बाईंकडे किंवा गुरुजींकडेच जावा. पुष्कळ ठिकाणी तो वर्गनायकाकडे सोपवतात आणि अनुभवी शिक्षक सलग गोष्ट वाचता येणाऱ्या वरच्या गटाला शिष्यवृत्तीची तयारी करून देतात. अशाने अंतर वाढतं.

द्विशिक्षकी शाळेत हे कसं जमणार, असं नेहमी विचारतात. तिथे एका खोलीत दोन-तीन इयत्ता एरवीही बसतातच. त्यामुळे पातळीनुसार बसवायला तिथे कमी अडचण येते. एका शिक्षकाने पहिली-दुसरी सांभाळायची, दुसऱ्याने तिसरी ते पाचवीचे दोन गट. एक गट शिक्षकाबरोबर, दुसरा जोडीजोडीने वाचत, अर्ध्या तासाने अदलाबदल.

शाळा व्यवस्थापन समितीवर असाल आणि शाळेत स्तरगट चालू आहेत असं सांगितलं गेलं, तर तक्ते, फोटो पाहत बसू नका. पातळ्यांची वही मागा आणि गेल्या महिन्यात कोणकोणतं मूल एका गटातून दुसऱ्या गटात गेलं ते विचारा.