उलटलेल्या छोट्या मर्सिडीजमुळे

नव्या गाडीची चावी फिरवली की डॅशबोर्डवर क्षणभर एक पिवळा दिवा लागतो. त्यात एक गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा असतात. शोरूममधला माणूस ‘हे ईएसपी, स्टॅबिलिटीसाठी’ एवढंच सांगून सनरूफकडे वळतो. या दिव्यामागची गोष्ट मात्र बरीच लांबची आहे, आणि तिच्यात एका मोठ्या कंपनीची चारचौघांत झालेली फजितीही आहे.

सुरुवात ब्रेकपासून झाली. १९७८ मध्ये बॉशने बनवलेलं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणं एवढंच त्याचं काम. पण त्यासाठी चाकांचा वेग मोजणारे सेन्सर आणि ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारे व्हॉल्व्ह गाडीत बसवावे लागले. म्हणजे ड्रायव्हरने न सांगता एकाच चाकाला ब्रेक लावायची निम्मी सोय तिथेच झाली होती. मग त्या एका चाकाच्या ब्रेकने गाडीचं तोंडच वळवता आलं तर?

बॉशमधले डच अभियंते अँटन व्हान झांटेन आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे लागले. अडचण होती ती गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय हे मोजण्याची. असं मोजमाप करणारी उपकरणं तेव्हा विमानांत आणि क्षेपणास्त्रांत असत, आणि त्यांची किंमतही त्याच जगातली होती. अखेर १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस ६०० कूपेत ही यंत्रणा ईएसपी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी प्रोग्रॅम, या नावाने आली. तेव्हा ते अर्थातच श्रीमंतांपुरतं होतं.

त्याची रीत ऐकायला सोपी आहे. स्टीअरिंग किती फिरलंय आणि वेग किती, यावरून ड्रायव्हरला कुठे जायचंय हे कॉम्प्युटर ताडतो. गाडी खरंच कुठे चाललीय हे बाकीचे सेन्सर सांगतात. दोन्हींत फरक पडला की काम सुरू. समजा वळण उजवीकडे आहे. गाडी वळायला तयार नाही, तोंड सरळच चाललंय, तर मागच्या उजव्या चाकाला ब्रेक लागतो आणि तोंड आत ओढलं जातं. उलट मागचा भाग बाहेर फेकला जायला लागला, तर पुढच्या डाव्या चाकाला. जोडीला इंजिनाचा जोरही कमी केला जातो. ड्रायव्हर ‘अरे!’ म्हणेपर्यंत हे सगळं होऊनही गेलेलं असतं. आपल्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच, त्यामुळे चारांपैकी नेमक्या एका चाकाला ब्रेक लावणं कितीही मुरलेल्या ड्रायव्हरला शक्यच नाही.

हे तंत्र लहान गाड्यांत यायला आणखी बरीच वर्षं गेली असती. पण ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या ‘टेक्निकेन्स वॅर्ल्ड’ या मासिकाच्या पत्रकारांनी मर्सिडीजची नवी, छोटी आणि उंच ए-क्लास चाचणीला घेतली. रस्त्यात अचानक एल्क, म्हणजे घोड्याएवढं हरीण, आडवं आलं तर झटकन डावीकडे आणि लगेच परत उजवीकडे वळायचं, अशी ती चाचणी. वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास होता. गाडी उलटली. कंपनीने आधी झटकून टाकायचा प्रयत्न केला. त्यातच पूर्व जर्मनीची, चेष्टेचा विषय झालेली जुनी ट्राबांट हीच चाचणी आरामात पार करते, हे कुणीतरी दाखवून दिलं. शेवटी विक्री काही आठवडे थांबली, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी सरसकट बसवायचं ठरलं. मोठ्या प्रमाणावर बनायला लागल्यावर ते स्वस्त झालं. माझ्या मते शोधाइतकंच श्रेय या फजितीलाही आहे.

अमेरिकेत ओढ वेगळ्या बाजूने आली. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, त्यातले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोरर या उंच गाडीवर होते. टायरचा वरचा थर सुटायचा, गाडी भरकटायची आणि उलटायची. मग उंच गाड्या पलटी का होतात याची चर्चा घरोघरी सुरू झाली. त्यातलं गणित शाळेतलं आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अंतर दीड मीटर आणि उंची ५५ सेंटीमीटर असेल तर उत्तर येतं १.३६. उंची ७० केली की १.०७. आकडा जितका लहान तितकी गाडी उलटायला सोपी. २००१ पासून अमेरिकी सरकार याच आकड्यावरून गाड्यांना तारे द्यायला लागलं.

मात्र सपाट, कोरड्या डांबरावर गाडी नुसत्या वळणाने क्वचितच उलटते, कारण त्याआधीच टायर घसरायला लागतात. बहुतेक वेळा ती आडवी घसरत रस्त्याबाहेर जाते, चाक मऊ मातीत रुततं किंवा दगडाला अडतं, आणि मग कोलांटी. म्हणून गाडी आडवी होऊच न देणं हाच पलटी टाळायचा खरा उपाय. २००२ मध्ये आलेल्या व्होल्वो एक्ससी९० ने पुढची पायरी गाठली. गाडी कुशीवर किती वेगाने कलतेय हेही तिच्यात मोजलं जायचं. धोका दिसला की चाकांना असा ब्रेक लागायचा की गाडी मुद्दाम थोडी कमी वळावी. वळण रुंदावलं तरी चालेल, चाकं जमिनीवर राहिली पाहिजेत.

२००७ मध्ये अमेरिकेने नियम केला आणि सप्टेंबर २०११ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या वाहनांत ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पर्यंत हेच झालं. भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी चाचणी, सुरू झाल्यावर वरचे तारे हवे असतील तर ईएससी असावंच लागतं. ईएसपी हे बॉश आणि मर्सिडीजचं नाव, ईएससी हे सर्वसाधारण. यंत्रणा तीच.

त्या भागाकारातली गुरुत्वमध्याची उंची मात्र कॉम्प्युटरच्या हातात नाही. सुट्टीला गावी निघताना टपावरच्या कॅरिअरवर बॅगा आणि आंब्याच्या पेट्या चढल्या की ती वाढलेली असते, आणि पुढे घाट असतो.