जखमेवरचा पाला आणि त्याचे श्रेय

साधी जखम बहुतेक वेळा आपली आपणच भरून येते. त्यामुळे तिच्यावर बांधलेला कोणताही पाला गुणकारी ठरू शकतो. वनौषधींचा इतिहास वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

इ.स.पू. १६०० च्या सुमारास इजिप्तमध्ये लिहिल्या गेलेल्या एडविन स्मिथ पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितामध्ये ४८ रुग्णांची वर्णने आहेत. जखमेवर पहिल्या दिवशी ताजे मांस बांधायचे आणि पुढे रोज मध, चरबी व वनस्पतींचे तंतू लावायचे, असा उपाय त्यात वारंवार येतो. सुश्रुतसंहितेत व्रणासाठी, म्हणजे जखमेसाठी, ६० उपक्रम (उपचार) आहेत. त्यांत शोधन वेगळे आणि रोपण वेगळे. व्रण आधी स्वच्छ करायचा, मग भरून आणायचा, आणि दोन्हींसाठी काढे, कल्क (वाटून केलेले लगदे), तेले निरनिराळी. वनस्पतींच्या लांबलचक यादीपेक्षा मला हा क्रम अधिक मोलाचा वाटतो.

युरोपात बंदुका आल्या तेव्हा गोळीची जखम विषारी असते, असा समज होता. म्हणून तिच्यात एल्डर झाडाचे उकळते तेल ओतत. १५३७ च्या सुमारास तुरिनच्या मोहिमेत आंब्रवाझ पारे या तरुण फ्रेंच शल्यचिकित्सकाकडचे तेल संपले. त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि सूचिपर्णी झाडांच्या चिकाचे टर्पेंटाइन यांचा लेप लावला. धास्तीने रात्रभर झोप नाही. पहाटे उठून पाहतो तो लेपवाल्यांना वेदना कमी, सूजही नाही. तेलवाले मात्र तापाने फणफणलेले. इथे लेपाने काय केले, यापेक्षा तेलाचा चटका टळला हेच मोठे. पण दोन गट शेजारी शेजारी पाहायला मिळाले, ते टंचाईमुळे.

टंचाईचा फायदा पुन्हा पहिल्या महायुद्धात झाला. कापूस स्फोटकांसाठी लागू लागला, तेव्हा ब्रिटनने दलदलीतल्या स्फॅग्नम शेवाळाच्या पट्ट्या बनवल्या. हे शेवाळ आपल्या वजनाच्या सुमारे वीसपट द्रव शोषते, शिवाय भोवतालचे पाणी आम्लधर्मी करते. जिवाणूंना ते मानवत नाही.

हळदीचा वाद त्या मानाने कालचा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले आणि भारताच्या सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने हरकत घेतल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा उपयोग नवा नाही, जुन्या ग्रंथांत आधीच नोंदलेला आहे, एवढेच तिथे सिद्ध करायचे होते. हळदीने जखम किती लवकर भरते, हे त्या वादात कोणी तपासले नाही.