आपलंच नाव टाकलं तर दुसराच कोणी निघतो, असं काहून?

मागच्या रविवारी भाच्याला घेऊन नागपूरच्या धरमपेठेत तर्री पोहे खायला गेलो होतो, गर्दी होती, प्लेटी यायला वेळ होता म्हणून तो मोबाईलमध्ये काहीतरी करून राहिला होता आणि एकदम म्हणाला, "मामा, तुम्ही तर गूगलवर नाहीच."

मी म्हटलं असं कसं, बावीस वर्षं नोकरी केली, दोनदा पेपरात नाव आलं. मोबाईल घेऊन पाहिलं तर पहिल्या पानावर एक हाडाचे डॉक्टर, एक निवडणुकीला उभे राहून पडलेले गृहस्थ, आणि फेसबुकवरचे पाच-सहा जण, सगळे माझ्याच नावाचे. तिसऱ्या पानावर मात्र एका पतसंस्थेच्या थकबाकीदारांच्या यादीत हुबेहूब माझं नाव. भाचा असा हसला की बाजूच्या टेबलवाले पाहायला लागले. "अबे, तो दुसरा कोणी आहे," मी म्हटलं, पण त्याला कुठं पटते.

माझं नाव इथं लिहीत नाही, एवढंच सांगतो की शाळेत एकाच वर्गात आम्ही त्या नावाचे तिघं होतो आणि मास्तर वडिलांच्या नावाने हाक मारायचे. सर्च इंजिनची अडचणही तीच, फक्त त्याच्या वर्गात अख्खी दुनिया बसलेली आहे.

आता एक गैरसमज आधी काढून टाकू. आपण नाव टाकतो तेव्हा ते मशीन काही त्याच क्षणी इंटरनेटभर धावत सुटत नाही. त्याचे प्रोग्राम आधीपासूनच रात्रंदिवस पानं वाचत फिरत असतात आणि वाचलेल्या पानांची एक उलटी यादी करून ठेवतात, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर, तशी, फक्त प्रत्येक शब्दाची. नाव टाकलं की नावाची यादी आणि आडनावाची यादी काढायची, दोन्हीत कॉमन असलेली पानं वेगळी करायची, बस. म्हणून उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येते. हा भाग सोपा. खरी मारामारी त्यानंतर, कारण अशी पानं निघतात हजारो आणि पहिल्या पानावर जागा दहाच.

इथं कामाला येते 1972 ची एक आयडिया. केंब्रिजच्या संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी दाखवलं की जो शब्द कमी कागदपत्रांत सापडतो त्याला वजन जास्त द्यायला पाहिजे. म्हणजे "राहुल" हा शब्द लाखो पानांवर आहे, त्यावरून काहीच कळत नाही, पण आडनाव दुर्मिळ असलं की त्या एका शब्दावर अर्धं काम होते. ज्याचं नावही कॉमन आणि आडनावही कॉमन तो मेला, माझ्यासारखा. गंमत म्हणजे या बाईंच्या स्वतःच्या स्पार्क नावात एका अक्षरावर दोन ठिपके आहेत, लोक कधी देतात कधी देत नाहीत, म्हणजे नाव शोधायची भानगड त्यांच्याही मागे होतीच.

पण नुसते शब्द मोजून भागत नाही, नाहीतर कोणीही आपल्या पानावर स्वतःचं नाव पाचशे वेळा लिहून वर आला असता (सुरुवातीच्या काळात लोकांनी हे केलंही). कोणतं पान वजनदार हे कसं ठरवायचं? स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन पोरांनी 1998 च्या संशोधन-पेपरमध्ये जे उत्तर दिलं त्याचं नाव पेजरँक, आणि हे पेज म्हणजे वेबपेज नाही बरं का, लॅरी पेजचं आडनाव आहे. नाव शोधायच्या मशीनमध्ये ज्याने स्वतःचं नाव घालून ठेवलं त्याला काय म्हणावं.

समजा एक रिकामटेकडा माणूस सीताबर्डीवर फिरून राहिला आहे. व्हेरायटी चौकात आला, समोर जितके रस्ते आहेत त्यातला कोणताही एक धरतो, पुढच्या चौकात गेला की पुन्हा तेच. 100 पैकी 85 वेळा तो असाच पायी पुढे जातो आणि 15 वेळा कंटाळा येऊन ऑटोत बसतो आणि गावात कुठंही उतरतो, कामठी नाहीतर हिंगणा, काही नेम नाही. वर्षभर त्याला असंच फिरू दिलं आणि कोणत्या चौकात तो किती वेळा दिसला हे मोजलं, तर जिथं जास्त दिसला तो चौक मोठा. चौकाच्या जागी पान ठेवा, रस्त्याच्या जागी लिंक ठेवा, झाला पेजरँक. यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की रस्ते सगळे वनवे आहेत, माझ्या पानावरून मी कलेक्टर ऑफिसला लिंक दिली तर त्याने माझं काही भलं होत नाही, त्यांनी मला दिली पाहिजे. आणि ज्या चौकात तो माणूस सारखा येतो तिथून निघालेल्या रस्त्याची किंमत जास्त, म्हणून मोठ्या पेपरची एक लिंक गल्लीतल्या पन्नास लिंकांना भारी पडते. ऑटोची सोय नसती तर तो एखाद्या बंद गल्लीत गेला की तिथंच बसला असता, हिशोब खलास. तो 85 चा आकडाही त्या संशोधन-पेपरातलाच. तेव्हा त्यांच्याकडे पानं होती 2 कोटी 40 लाख, आजच्या हिशोबाने काहीच नाही.

फेसबुकवरचे माझे नामबंधू वर का येतात ते आता कळलं असेल. बिचाऱ्यांनी काही केलं नाही, पण ते ज्या साइटवर बसले आहेत ती साइटच मोठा चौक आहे.

आता थोडं आपल्या नावांबद्दल, कारण इथं माल जास्त आहे आणि इंग्रजीतल्या लेखांत हे कोणी सांगत नाही.

आपलं नाव तीन डब्यांचं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांचं नुसतं एक अक्षर. सर्च इंजिन शब्द किती जवळ-जवळ आहेत तेही पाहते, मधात वडील येऊन बसले की नाव आणि आडनाव लांब गेले. बायांचे तर आणखी हाल, लग्नाआधीचं सगळं एका नावावर, नंतरचं दुसऱ्या, मधात जोडणारा धागाच नाही, मशीनसाठी त्या दोन वेगळ्या बाया.

मग स्पेलिंग. वानखेडे घ्या, इंग्रजीत एच नंतर ई लिहायचा की ए, कारण आपल्याकडे वानखडेही आहेत. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाने 1918 मध्येच यावर एक पेटंट घेतलं होतं, त्यातून जी पद्धत आली तिला साउंडेक्स म्हणतात, पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर फेकायचे आणि सारख्या आवाजाच्या व्यंजनांना सारखा आकडा. त्यात वानखेडे आणि वानखडे दोघांचाही कोड एकच येतो, डब्ल्यू 523. मस्त! पण एखाद्याने डब्ल्यूच्या जागी व्ही लिहिला की पहिलं अक्षरच बदललं, माणूस हरवला. मराठी व साठी इंग्रजीत दोन अक्षरं असतील हे रसेलसाहेबांच्या स्वप्नातही नसेल. आजचे सर्च इंजिन एवढे भोळे नाहीत, लोक आधी काय टाइप करतात आणि मग काय दुरुस्त करतात यावरून ते शिकतात, पण ज्या आडनावाला कोणी शोधतच नाही त्याचं काय शिकणार.

आणि माझं पेपरात आलेलं नाव? ते सापडत नाही याचं कारण बहुतेक फॉन्ट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर, रुळायच्या आधी मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी असल्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. डोळ्याला मराठी दिसते पण आत साठवलेली असतात इंग्रजीची अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट काढला की नुसता कचरा. मशीन तो कचराच वाचते. म्हणजे नाव तिथं आहे, पण यादीत चढलंच नाही.

एवढं करूनही शेवटी प्रश्न उरतोच की कोणता माणूस. "गडकरी" टाका. एक आपल्या नागपूरचे केंद्रीय मंत्री. दुसरे नाटककार राम गणेश, जे 1919 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्याच सावनेरला वारले. तिसरं ठाण्याचं नाट्यगृह, त्यांच्याच नावाचं. अक्षरं तीच, चीजा तीन. 2012 मध्ये गूगलने नॉलेज ग्राफ आणला तो यासाठी, की शब्दामागची वस्तू ओळखायची, माणूस, त्याचं गाव, त्याचं काम, सगळं एकमेकांना जोडून. तरी वर कोणाला ठेवायचं हे बरंचसं लोकच ठरवतात. 2023 मध्ये अमेरिकेत गूगलवर खटला चालला तेव्हा त्यांच्याच अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं की लोकांच्या क्लिकचा 13 महिन्यांचा डेटा रँकिंगमध्ये वापरला जातो. म्हणून त्या हाडाच्या डॉक्टरांवर माझा राग नाही, लोकांची हाडं मोडतात, ते शोधतात, क्लिक करतात. मला कोण शोधते, मी आणि भाचा.

काही जण म्हणतात माझ्या फोनवर तर मीच पहिला येतो. येत असेल. तुमचं ठिकाण, भाषा, आधी केलेले सर्च यांचा थोडाफार परिणाम होतो, 2009 पासून तर लॉगिन न करताही. एकदा पुण्याच्या साळ्याला त्याच्या फोनवर पाहायला सांगा, काय ते कळेल.

थकबाकीच्या यादीवरून आठवलं, स्पेनमध्ये एकाचं अगदी असंच झालं होतं. मारिओ कोस्तेखा गोन्सालेस, 1998 मध्ये त्याच्या देण्यापायी घराच्या लिलावाची नोटीस पेपरात आली, देणं केव्हाच मिटलं, पण नाव टाकलं की वर तीच नोटीस. 2014 मध्ये युरोपियन कोर्टाने निकाल दिला की पेपरातली नोटीस राहू द्या, पण त्याचं नाव टाकल्यावर ती दाखवू नका. कारण नुसत्या नावावर शोधलं की एका माणसाची सगळी कुंडली एका पानावर जमा होते, जी पूर्वी कोणाला सात ऑफिसं फिरूनही जमवता आली नसती. आता गंमत बघा, जगाने आपल्याला विसरावं असा हक्क मागणारा हा माणूस त्या लिलावासाठीच जगभर प्रसिद्ध झाला.

पोहे संपता संपता भाच्याला म्हटलं, आता वडिलांच्या नावासकट टाक, वर अवतरणचिन्हं दे, म्हणजे शब्द त्याच क्रमाने शोधल्या जातील. टाकलं. एकही रिझल्ट नाही. मग ती थकबाकीची यादी उघडून नीट पाहिली, तर त्यात वडिलांचं नाव वेगळंच निघालं. भाचा म्हणाला, "चला, म्हणजे तुम्ही थकबाकीदार नाही, तुम्ही कुठंच नाही," आणि बिलाकडे बोट दाखवलं.