विनाचालक ट्रकची धास्ती आली कुठून?

१ मे २०२५ रोजी ऑरोरा या अमेरिकी कंपनीने जाहीर केलं की डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर आपला मालवाहू ट्रक आता केबिनमध्ये कुणीही नसताना धावतो आहे. तोवर त्याने ड्रायव्हरविना सुमारे १,९०० किलोमीटर मजल मारली होती. तो महिना सरायच्या आत ड्रायव्हरच्या सीटवर पुन्हा माणूस बसलेला दिसला. ट्रक बनवणाऱ्या पॅकार कंपनीने तशी विनंती केली होती, कारण ट्रकमध्ये प्रायोगिक अवस्थेतले काही सुटे भाग होते. हा माणूस नुसता निरीक्षक आहे, स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं ऑरोराने सांगितलं. खुलासा खरा मानला, तरी ज्यांच्या मनात आधीच पाल चुकचुकत होती त्यांना आयतं निमित्त मिळालं.

ही भीती अज्ञानातून येते, लोकांना यंत्र समजलं की ती जाईल, असं तंत्रज्ञ मंडळी नेहमी म्हणतात. इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. २००८ पासून चिलीच्या तांब्याच्या खाणीत आणि ऑस्ट्रेलियाच्या लोखंडाच्या खाणींत शेकडो टन वजनाचे डंपर ड्रायव्हरशिवाय फिरताहेत. त्यावर कामगारांनी आपापल्या परीने आवाज उठवला असेल, पण सर्वसामान्य माणसाची झोप काही उडाली नाही. खाणीला कुंपण असतं, आत कोण जाणार हे ठरलेलं असतं. महामार्गाला तसं कुंपण नाही.

गंमत म्हणजे आपोआप चालणाऱ्या वाहनांचं मूळ स्वप्न कुंपणाचंच होतं. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने भविष्यातल्या महामार्गांचं भलंमोठं मॉडेल मांडलं, तेव्हा शहाणपण गाडीत नव्हे तर रस्त्यात असेल अशी कल्पना होती. १९९१ च्या एका अमेरिकी कायद्याने स्वयंचलित महामार्गाच्या संशोधनाला सरकारी पैसा दिला आणि ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन डिएगोजवळ त्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. साधारण १२ किलोमीटरच्या स्वतंत्र लेन, डांबरात पुरलेली चुंबकं, त्यांच्या आधाराने एकामागोमाग धावणाऱ्या गाड्या. प्रात्यक्षिक झकास झालं आणि योजना गुंडाळली गेली. एवढे रस्ते खणून लेन वेगळ्या करायचा खर्च उचलणार कोण?

मग सूत्रं लष्कराकडे गेली. २०१५ पर्यंत लष्कराच्या जमिनीवरच्या वाहनांपैकी एकतृतीयांश विनाचालक व्हावीत, असं उद्दिष्ट अमेरिकी संसदेने ठरवलं होतं. त्यापोटी दार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने मार्च २००४ मध्ये मोहावी वाळवंटात शर्यत लावली. एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरच्या आतच अडकली. पुढच्या वर्षी मात्र पाच वाहनांनी २१२ किलोमीटरचा मार्ग पुरा केला आणि त्यात टेरामॅक्स नावाचा एक अवजड लष्करी ट्रकही होता. या शर्यतींत घडलेले अभियंते पुढे गूगलमध्ये गेले, तिथून स्वतःच्या कंपन्या काढून बसले. ऑरोराचे सहसंस्थापक क्रिस अर्मसन त्यांतलेच.

रस्त्याऐवजी गाडी शहाणी करायची ठरल्यावर वेगळ्या लेनची गरज संपली. लेन गेली, आणि त्या जागी इतर सगळे वाहनचालक आले. त्यांना कुणी विचारलं मात्र नाही. माझ्या मते आजच्या नाराजीचं मूळ इथे आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये उबरने विकत घेतलेल्या ‘ऑटो’ नावाच्या कंपनीच्या ट्रकने कोलोराडोत बिअरचे पन्नास हजारांवर कॅन फोर्ट कॉलिन्सहून कोलोराडो स्प्रिंग्जला पोचवले. महामार्गावरच्या सुमारे १९० किलोमीटरमध्ये ड्रायव्हर मागच्या झोपायच्या जागेत बसून होता. ट्रकभोवती पोलिसांच्या गाड्या होत्या, जाहिरातीतून त्या फारशा लक्षात राहिल्या नाहीत. त्याआधी याच कंपनीने नेवाडात केलेल्या चित्रीकरणाबद्दल तिथल्या अधिकाऱ्यांनी नियमभंगाचा आक्षेप घेतला होता, पण नियमात दंडाची तरतूदच नव्हती. पुढे मार्च २०१८ मध्ये उबरच्या चाचणीतल्या कारखाली अ‍ॅरिझोनात एक पादचारी महिला ठार झाली. ती कार होती, ट्रक नव्हे. तरी जुलैमध्ये उबरने ट्रकचा विभाग बंद केला.

महामार्गावर पादचारी नाहीत, सिग्नल नाहीत, म्हणून ट्रकचं काम कारपेक्षा सोपं, असा कंपन्यांचा हिशेब होता. त्यातला व्यापारी भाग पक्का आहे. अमेरिकेत ड्रायव्हरला एका पाळीत ११ तासांपेक्षा जास्त गाडी हाकता येत नाही. यंत्राला झोप नसते. भौतिकशास्त्र मात्र सवलत देत नाही. ३६ टनांचा भरलेला ट्रक ताशी १०५ किलोमीटर वेगात असेल तर पूर्ण थांबायला साधारण १६० मीटर घेतो, कारला शंभराच्या आत पुरतात. म्हणजे कॅमेरा, रडार, लायडर (लेझरने अंतर मोजणारं उपकरण) यांना पुढचा अडथळा तितका लांबून नुसता दिसून भागत नाही, तो काय आहे हेही ओळखावं लागतं. टायरची फाटकी पट्टी की पडलेला मोटरसायकलवाला, हा निर्णय तिथल्या तिथे हवा.

तशात ६ एप्रिल २०२२ ची घटना घडली. टूसिंपल कंपनीचा ट्रक अ‍ॅरिझोनात टूसॉनजवळच्या महामार्गावर जाताना एकाएकी डावीकडे वळला आणि काँक्रीटच्या दुभाजकाला जाऊन धडकला. केबिनमध्ये माणसं होती, डावीकडे त्या क्षणी दुसरं वाहन नव्हतं, म्हणून निभावलं. प्रणालीने अमलात आणलेली आज्ञा सुमारे अडीच मिनिटं जुनी होती. ती स्मृतीतून पुसलीच गेली नव्हती. अडीच मिनिटांत ट्रक चार किलोमीटर पुढे जातो. कंपनीने मानवी चुकीवर बोट ठेवलं. चार महिन्यांपूर्वीच याच कंपनीने टूसॉन ते फीनिक्स असा सुमारे १३० किलोमीटरचा प्रवास पूर्ण रिकाम्या केबिनने करून दाखवला होता आणि त्याचा गाजावाजा जगभर झाला होता. अपघाताची चर्चा मात्र ऑगस्टमध्ये वर्तमानपत्राने बातमी दिल्यावर सुरू झाली. यश लगेच कळतं आणि अपयश महिन्यांनी, तेही दुसऱ्याकडून, हे लोकांनी नीट लक्षात ठेवलं. टूसिंपलने २०२३ अखेर अमेरिकेतून काढता पाय घेतला.

कायद्याची गोष्ट आणखी विस्कळीत. २०१७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने स्वयंचलित वाहनांचं विधेयक मंजूर केलं, पण टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या बलाढ्य संघटनेच्या दबावामुळे साडेचार टनांवरची वाहनं त्यातून वगळली. ते विधेयक पुढे सिनेटमध्ये अडकलं. त्याच वर्षी टेक्सासने ड्रायव्हरशिवाय गाडी चालवायला मुभा दिली, वाहतुकीच्या नियमांपुरता प्रणालीचा मालक हाच चालक समजायचा असं ठरवलं आणि शहरांना वेगळे नियम करायला मज्जाव केला. बहुतेक कंपन्यांनी टेक्सासमध्ये तळ का ठोकला, ते वेगळं सांगायला नको. कॅलिफोर्नियात उलटी तऱ्हा: तिथल्या विधिमंडळाने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अवजड वाहनात प्रशिक्षित माणूस हवाच असं विधेयक मंजूर केलं आणि दोन्ही वेळा गव्हर्नर न्यूसम यांनी ते रोखलं.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो वाद तीन त्रिकोणांचा. अमेरिकी नियमानुसार ट्रक महामार्गाच्या कडेला बंद पडला की ड्रायव्हरने दहा मिनिटांच्या आत खाली उतरून चकाकणारे त्रिकोण मांडायचे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर पहिला ट्रकच्या मागे तीन मीटरच्या आत, दुसरा तीस मीटरवर, तिसरा साठ मीटरवर. मागून येणाऱ्याला अंधारात वेळेवर सावध करण्याची ही साधी युक्ती. आता केबिनमध्ये माणूसच नसेल तर ते मांडणार कोण? ऑरोरा आणि गूगलमधून निघालेली वेमो कंपनी यांनी २०२३ च्या सुरुवातीला सूट मागितली: त्रिकोणांऐवजी केबिनवर लुकलुकणारे दिवे लावू. दोन वर्षं होत आली तेव्हा, डिसेंबर २०२४ मध्ये, संघराज्य पातळीवरच्या खात्याने अर्ज फेटाळला. ऑरोरा कोर्टात गेली. अब्जावधी डॉलर ओतलेला उद्योग हातभर प्लॅस्टिकपाशी अडला, याची टिंगल झाली. मला ती टिंगल अनाठायी वाटते. गाडी हाकणं हा ड्रायव्हरच्या कामाचा एक भाग. टायर फुटला, माल सरकला, पुढे अपघात झाला, पोलिसांनी हात दाखवला, अशा वेळी लागणारा माणूसही तोच असतो. दूर कुठल्या तरी खोलीतून पडद्यावर पाहणाऱ्याने ते सांभाळायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं ड्रायव्हर म्हणाले तर त्यांचं काय चुकलं?

नोकऱ्यांबद्दल थोडंच. उद्योग म्हणतो, ड्रायव्हर मिळत नाहीत. ड्रायव्हर म्हणतात, या पगारात आणि या हालात कुणी टिकत नाही. १९८० मध्ये अमेरिकेने मालवाहतुकीवरची बंधनं उठवली तेव्हापासून हा वाद चालू आहे. समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह व्हिसेली यांनी २०१८ मध्ये अंदाज मांडला की लांब पल्ल्याच्या सुमारे २ लाख ९४ हजार नोकऱ्यांवर गदा येऊ शकते. महामार्गावरचा टप्पा यंत्राकडे गेला की माणसाकडे उरतं ते गोदामापासून नाक्यापर्यंतचं, कमी पैशाचं काम.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही हलका नाही. अमेरिकेत मोठ्या ट्रकच्या अपघातांत वर्षाला पाच हजारांहून अधिक माणसं मरतात, बहुतेक समोरच्या छोट्या वाहनातली. थकवा, दारू, मोबाइल यांपासून यंत्र मुक्त आहे हे खरंच. पण ते जास्त सुरक्षित आहे हे सिद्ध कसं करायचं? रँड या संस्थेने २०१६ मध्ये गणित मांडलं: माणसाइतकी सुरक्षितता पुरेशा खात्रीने दाखवायची तर २७.५ कोटी मैल एकही बळी न जाता धावावं लागेल. ते मैल चाचणीच्या मैदानावर भरत नाहीत, लोकांच्या रस्त्यावरच भरावे लागतात.

जपानने आपली वाट वेगळी काढली. एप्रिल २०२४ पासून ड्रायव्हरांच्या जादा तासांवर वर्षाला ९६० ची मर्यादा आली, मालवाहतूक अडण्याची चिन्हं दिसू लागली. मार्च २०२५ मध्ये शिन-तोमेई द्रुतगती मार्गाच्या सुमारे १०० किलोमीटर पट्ट्यात रात्रीच्या वेळी एक लेन स्वयंचलित ट्रकच्या चाचण्यांसाठी राखून ठेवायला सुरुवात झाली. टेक्सासनेही त्याच वर्षी कायदा बदलला. व्यावसायिक विनाचालक वाहनांना आता राज्याची परवानगी लागेल, ती काढूनही घेता येईल, आणि अपघातस्थळी पोलिसांनी, अग्निशमन दलाने अशा वाहनाशी कसं वागायचं याची योजना कंपनीला आधी द्यावी लागेल. वाहन वाहतुकीचे नियम पाळू शकतं याचं प्रमाणपत्र मात्र द्यायचं आहे ते कंपनीनेच.