‘काबे, आज बसायचं का?’

मराठी माणूस ‘दारू प्यायची का?’ असं सहसा विचारत नाही. ‘घेतोस का?’, ‘लावली का?’ असं विचारतो. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, कॉलेजसाठी खोली करून राहणाऱ्या पोट्ट्यांच्या तोंडी तर एकच वाक्य असतं : ‘काबे, आज बसायचं का?’ काय घेऊन बसायचं ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

खोलीही ठरलेली. भिंतीवर नकाशा, कोपऱ्यात पोलीस भरतीची पुस्तकं, घरून आलेला पिठाचा डबा. कोणाचं नाव यादीत लागलं किंवा एका मार्कानं हुकलं, की वर्गणी निघते. फुटाणे, चिवडा, स्टीलचे गिलास. चौघांतल्या एकाला त्या वासानंच मळमळत असतं, पण तो बोलत नाही. एकेकाळी तो मी होतो. चकण्यावर हात मारत रात्र काढायचो. उरलेल्या तिघांपैकी आणखी एकाला ती आवडत नव्हती, हे मला पंधरा वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत कळलं. म्हणजे दोघंही एकमेकांकडे बघूनच गप्प बसलो होतो!

या घोळाचा नीट अभ्यास झाला तो अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली तो प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या पिण्याच्या प्रकाराबद्दल तुला स्वतःला काय वाटतं आणि इतरांना काय वाटत असेल, असं त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं. बहुतेकांचं उत्तर एकाच वळणाचं : मला हे थोडं अवघडच वाटतं, बाकीच्यांना मात्र काही वाटत नाही. सगळेच असं म्हणत असतील तर ते ‘बाकीचे’ राहतात कुठं? पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. काही महिन्यांत मुलांची स्वतःची मतं या चुकीच्या अंदाजाकडे सरकली. मुलींची सरकली नाहीत.

अंदाज चुकतो, कारण गोष्ट पिणाऱ्याचीच होते. ‘पोळ्याच्या करीला अमका धुऱ्यावर पडला होता’ हे वर्षभर सांगितलं जातं. तमका नऊ वाजता जेवून झोपला, याची गोष्ट कोण सांगेल? त्यात आपल्याकडे सगळंच दाराआड. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५, म्हणजे पदवीची बहुतेक वर्षं अटीच्या अलीकडेच जातात. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. या बंदीमागे बायाबापड्यांनी सोसलेलं मोठं दुःख आहे, ते मी हलकं मानत नाही. पण जे उघड दिसत नाही त्याचा हिशोब बढायांवरून होतो, आणि बढाईत क्वार्टरचा खंबा व्हायला वेळ लागत नाही.

बघणारे चार दोस्त असले की मेंदूही वेगळा वागतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळातून हे तपासलं. एकटं खेळताना १८ ते २२ वयाचे तरुण आणि त्यांच्याहून मोठी माणसं जवळपास सारखाच धोका पत्करत होती. दोस्त शेजारी येऊन बसले की तरुणांचा धोका सुमारे दीडपट झाला, मोठ्यांचा होता तेवढाच राहिला. बक्षिसाच्या ओढीनं पेटणारा मेंदूचा भाग या वयात जोरात असतो, आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. ‘घे ना बे, एका घोटानं काय होते?’ हे चौघांत ऐकणं आणि एकट्यानं ऐकणं, यात म्हणूनच फरक पडतो.

आणि तो मानाचा बिल्ला, ‘मले चढत नाही’. मार्क शुकिट या मानसोपचारतज्ज्ञांनी विशीतल्या मुलांना मोजून दारू देऊन त्यांच्यावर किती परिणाम होतो ते नोंदवलं, आणि सुमारे दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. ज्यांना कमी चढत होती, त्यांच्यातच व्यसनी जास्त निघाले. उघडच आहे, शरीर थांब म्हणत नाही, मग गिलास भरत राहतो. खोलीत ज्याचं कौतुक होतं, खरी काळजी त्याचीच करायला हवी.

का पितात, यावर मानसशास्त्रज्ञ लिन कूपर यांची १९९४ सालची मांडणी अजून वापरली जाते : मजेसाठी, संगतीसाठी, वेगळं पडू नये म्हणून आणि दुःख विसरायला. चौथं कारण सगळ्यांत वाईट, पुढच्या भानगडी त्याच्याशीच जास्त जोडलेल्या दिसतात. सोयाबीनचा भाव पडला, बाप स्वतःच संध्याकाळी भट्टीकडे वळतो आणि भरती तिसऱ्यांदा हुकली, असा पोरगा मजेसाठी बसलेला नसतो. त्याला वाटतं, झोप तरी लागेल. लवकर लागतेही. पण दारू स्वप्नांची झोप कापते, आणि उतरताना मेंदू जास्तच चाळवतो. पहाटे तीनला डोळे उघडतात, छाती धडधडते, आणि पाचला मैदानावर सोळाशे मीटर धावायचं असतं.

प्रिन्स्टनमध्येच पुढे क्रिस्टीन श्रोडर आणि प्रेंटिस यांनी एक साधा उपाय करून पाहिला, तो १९९८ साली छापून आला. नव्या विद्यार्थ्यांच्या काही गटांना ‘दारू जपून कशी घ्यावी’ हे सांगितलं. इतर गटांसमोर फक्त तो घोळ ठेवला : तुम्ही सगळे एकमेकांबद्दल चुकीचा अंदाज बांधताय, यावर बोला. काही महिन्यांनी विचारलं, तेव्हा दुसऱ्या गटांतली मुलं कमी पीत होती.

त्या पंगतीत माझा दोस्त म्हणाला, ‘तू तवा बोलला असता तं मीबी फुटाणेच खाल्ले असते.’ मी त्याला म्हटलं, ‘मंग तू काऊन नाही बोलला बे?’