शैवाक झाडाला खातं का? एका जुन्या आरोपाची पार्श्वभूमी

सुकत चाललेल्या झाडाच्या फांद्यांवर करडे-हिरवे पापुद्रे दिसले की दोष हमखास त्यांच्यावर जातो: यांनीच झाडाचा रस शोषला. हे पापुद्रे म्हणजे शैवाक, अर्थात लायकेन. नाव दगडफूल असलं तरी त्याच्या असंख्य जाती झाडांच्या सालीवरच वाढतात. ती झाडाला मारतात हा समज शेकडो वर्षं जुना आहे. फळबागांत खोडं खरवडणं, चुना फासणं, पुढे मोरचूद-चुन्याचे फवारे मारणं, या सगळ्यामागे बऱ्याच अंशी तोच होता.

समज रुजायला कारणही होतं. शैवाक म्हणजे नेमकं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये ऐंशीच्या आसपास जाती ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत कोंबल्या आणि ती प्रजाती शैवालांच्या गटात बसवली. त्याचा विद्यार्थी एरिक आकारियस याने १८०३ च्या ग्रंथात त्यांची नीट फोड केली. पण त्याच्याही लेखी शैवाक ही एकसंध वनस्पतीच होती. मातीत मूळ नाही, पान नाही, आणि दुसऱ्याच्या फांदीवर बस्तान. मग अन्न कुठून येतं? बांडगूळ सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तोच हिशोब शैवाकाला लागू झाला.

तो हिशोब चुकीचा ठरवणारी गोष्ट १८६७ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर याने मांडली. शैवाक हा एक जीव नाही. कवक (म्हणजे बुरशी) आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. पानासारख्या शैवाकाचा उभा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर हे लख्ख दिसतं. वर कवकाच्या घट्ट विणलेल्या धाग्यांची साल, तिच्या लगेच खाली शैवालाच्या हिरव्या गोलसर पेशींचा पट्टा, मग कापसासारखा सैल पांढरा थर, आणि सगळ्यांत खाली पुन्हा साल. त्या खालच्या सालीतून झाडाला धरून ठेवणारे काळसर धागे निघतात. हिरवा पट्टा वरच्या बाजूला, उजेडाकडे, झाडाकडे नाही. या एका मांडणीतच उत्तर आहे: कवकाचा अन्नपुरवठा घरातूनच होतो. शैवाकांचे त्या काळचे मोठे तज्ज्ञ, विशेषतः विल्यम नायलँडर, या कल्पनेवर तुटून पडले. तरीही १८७७ मध्ये फ्रँक आणि १८७८ मध्ये द बारी यांनी ‘सहजीवन’ ही संज्ञा रुजवली, तीत शैवाकाचं उदाहरण कळीचं होतं. पुढे १९६० च्या दशकात डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून साखरेचा प्रवासच टिपला. हिरवी शैवालं कवकाला रिबिटॉलसारखी अल्कोहोल-शर्करा देतात, काही शैवाकांत शैवालाच्या जागी असणारे, प्रकाशावर अन्न बनवणारे नील-हरित जिवाणू ग्लुकोज देतात, आणि कवक त्याचं मॅनिटॉल या दुसऱ्या अल्कोहोल-शर्करेत रूपांतर करून साठवतं. २०१६ मध्ये काही शैवाकांच्या वरच्या सालीत यीस्ट हा आणखी एक भागीदार सापडला, तेव्हा दोघांच्या संसाराचं चित्रही अपुरं ठरलं.

झाडाला धरणारे धागे शक्यतो सालीच्या बाहेरच्या, बुचासारख्या मृत थरातच अडकतात. सालीला घट्ट चिकटून वाढणाऱ्या जातींचे धागे त्या मृत पेशींच्या फटींत शिरतात, पण अन्नरस वाहणाऱ्या जिवंत थरापर्यंत सहसा जात नाहीत. अपवादही नोंदले गेले आहेत. ओकवर वाढणाऱ्या एव्हर्निया प्रुनास्ट्री या शैवाकाचे धागे जास्त खोल जातात, असं स्पेनमधल्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात दाखवलं. त्यावरून सगळ्यांनाच दोषी ठरवणं मात्र अन्यायाचं आहे.

मग सुकणाऱ्या झाडावरच ती जास्त का? इथे कारण आणि परिणाम यांची उलटापालट होते. मुळं कुजली, माती दाबली गेली किंवा झाड म्हातारं झालं की पानोरा विरळ होतो आणि आतल्या फांद्यांवर ऊन पोचतं. डहाळ्यांची वाढ मंदावते, साल जागच्या जागी राहते. पानासारखी शैवाकं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. सालीला चिकटलेल्या अनेक जाती तर एक मिलिमीटरहूनही कमी. त्यांना हवी असते ती ही स्थिर, उजेडातली जागा. शंका आली तर डहाळीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली ओलसर हिरवं दिसलं तर डहाळी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर कारण मुळाशी किंवा खोडात शोधायचं. शैवाक काढायला तारेचा ब्रश फिरवला तर जिवंत साल सोलली जाते आणि खऱ्या रोगकारक बुरशीला वाट मिळते.

झाड आणि शैवाक यांच्यामधला खरा दुवा म्हणजे साल आणि तिच्यावरून उतरणारं पाणी. शैवाकाला पानांसारखं मेणाचं आवरण नाही, पर्णरंध्रं नाहीत. पाणी आणि हवा जशी येईल तशी आत घेतली जाते. म्हणून हवेतलं विष त्याला आधी लागतं. नायलँडरनेच १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं पाहून ती हवेच्या शुद्धतेचं माप आहेत असं लिहिलं. १८९६ पर्यंत ती तिथून नाहीशी झाली होती. १९२६ मध्ये सेर्नान्डर याने स्टॉकहोममध्ये शहराच्या मध्यापासून बाहेरपर्यंत ‘शैवाकांचं वाळवंट’, ‘झगड्याचा पट्टा’ आणि ‘सामान्य पट्टा’ असे भाग पाडले. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी शून्य ते दहा अशी मोजपट्टी दिली, आणि खोडावरच्या जातींवरून सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधता येऊ लागला.

मोजपट्टी वापरताना चूक होते ती सालीकडे दुर्लक्ष केल्याने. पाइन आणि बर्चची साल मुळातच आम्लधर्मी असते, अॅश आणि एल्मची बरीच कमी. त्यामुळे त्याच हवेत दोन झाडांवर वेगळी शैवाकं दिसतात. तुलना एकाच जातीच्या झाडांची करायला हवी. दुसरी चूक म्हणजे ‘शैवाक आहे, म्हणजे हवा चांगली’ हे ठोकताळ्याचं वाक्य. झँथोरिया परिएटिना हे पिवळंधमक शैवाक अमोनियाने फोफावतं. भरपूर दिसलं तर जवळ गुरांचे गोठे किंवा खताचा मारा असू शकतो.

देणंघेणं एकतर्फीही नाही. १९७० च्या दशकात विल्यम डेनिसन आणि सहकारी अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या डग्लस-फर या सूचिपर्णी जातीच्या जुन्या झाडांवर गिर्यारोहकांचे दोर लावून चढले. उंच फांद्यांवर लोबेरिया ओरेगाना हे मोठं, कोबीच्या पानासारखं शैवाक दाटलेलं होतं. त्यातले नील-हरित जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात. शैवाक गळून कुजलं की तो जंगलाच्या मातीत जातो. हे शैवाक भरघोस दिसतं ते शंभर-दोनशे वर्षं उलटलेल्या जंगलात. फ्रान्सिस रोझ याने १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या जंगलाची अखंडता ओळखण्यासाठी शैवाकांच्या जातींची यादी केली, तिचा आधारही तोच: काही जाती सलग जुनी झाडं असतील तिथेच टिकतात.

झाडं आपसातही शैवाकांची सोय करतात. गॉवर्ड आणि आर्सेनो यांनी २००० मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधल्या कोवळ्या जंगलांबद्दल लिहिलं की नील-हरित जिवाणूंची शैवाकं आम्लधर्मी सालीच्या सूचिपर्णी झाडांवर एरवी दिसत नाहीत, पण जवळ पॉप्लर असेल तर दिसतात. पॉप्लरच्या पानांवरून ठिबकणारं पाणी कॅल्शियम घेऊन शेजारच्या फांद्यांवर पडतं आणि सालीची आम्लता उतरते. अशा जंगलात ‘निरुपयोगी’ म्हणून पॉप्लर काढून टाकले, तर शेजारच्या झाडाची एकही फांदी न तोडता तिच्यावरची शैवाकं जातात.